पुस्तके कोणाच्या खाती?

साहित्य अकादमीचा २०२५ सालचा बालसाहित्य पुरस्कार नांदेडचे डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या काव्यसंग्रहास मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी अकादमीचा युवा पुरस्कार तुळजापूरचे देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीकडे गेला होता. थोडे मागे गेले तर २०१६ साली परभणी जिल्ह्यातील आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाचा, आणि लागलीच २०१७ साली, नांदेडला वास्तव्य असलेले श्रीकांत देशमुख यांच्या ‘बोलावे ते आम्ही’ या कवितासंग्रहाचा अकादमीने गौरव केला. पुरस्कार ही वाङ्मयाची अंतिम कसोटी नव्हे, हे मान्यच आहे. मनोज बोरगावकर यांची ‘नदीष्ट’ ही कादंबरी २०१९ साली ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केली. नांदेडची गोदावरी आणि तिच्या काठावर दिवस काढणारी माणसे यांची ती कहाणी पुरस्काराची वाट न पाहता महाराष्ट्रभर वाचली गेली. तथापि, एकेकाळी शैक्षणिकदृष्ट्या मागासलेला म्हणून ज्याची सर्वत्र ओळख होती, त्या मुलुखातून दहा वर्षांच्या अवधीत इतके लेखन पुढे यावे, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

अकादमीने निवडलेल्या ग्रंथांची चिंता करण्याचे कारण नाही. त्यांची नोंद दिल्लीत राहील. प्रश्न आहे तो त्यांच्या मागे उभ्या असलेल्या, संख्येने कितीतरी मोठ्या अशा लिहित्या वर्गाचा. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडलेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतील कारकून, तलाठी, वकील आणि नोकरी न मिळालेले पदवीधर आज पुस्तके लिहीत आहेत. कोणी आपल्या गावाचा इतिहास लिहितो, कोणी तांड्यावरची गाणी जमवितो, कोणी आईवडिलांच्या सालगडीपणाची हकीकत सांगतो. रविवारी एखाद्या सभागृहात प्रकाशन होते, सोमवारी जिल्हा पुरवणीत छायाचित्रासह चार ओळी येतात, आणि मग ते पुस्तक कोणाच्या खाती जमा होते?

विद्यापीठाच्या खाती ते जमा होत नाही, हे स्पष्टच आहे. माजी विद्यार्थी विद्यापीठाला दोन प्रसंगी आठवतो. एक म्हणजे निवडणुकीच्या वेळी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. त्यासाठी पदवीधरांची नावे, पत्ते, प्रमाणपत्रे तपासून मतदारयादी सिद्ध केली जाते. तिच्यावर हरकती येतात, प्रसंगी कज्जेही होतात. यादी करणे विद्यापीठाला जमत नाही असे म्हणता येणार नाही. दुसरा प्रसंग ‘नॅक’च्या मूल्यांकनाचा. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा एक स्वतंत्र विभाग आहे. त्यातील आकड्यांचा प्रश्न काय विचारतो? माजी विद्यार्थी संघाने गेल्या पाच वर्षांत विद्यापीठाला किती लाख रुपये दिले! उत्तराचे टप्पेही लाखांतच ठरविलेले आहेत. एखाद्या माजी विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याच्या बोलीचा शब्दसंग्रह केला असेल, तर त्याची नोंद या रकान्यात कशी करावयाची, हे कोणा प्राचार्याला सुचणार नाही. योगायोग असा की ‘नॅक’ आणि नांदेडचे विद्यापीठ या दोन्ही संस्थांची स्थापना एकाच वर्षी, १९९४ साली झाली. मोजणारी संस्था आणि मोजली जाणारी संस्था जोडीनेच वाढल्या. मापात बसते तेवढेच जतन करण्याची सवय लागली असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

या मुलुखात पुस्तकाला असलेले महत्त्व पुणे-मुंबईच्या वाचकाला चटकन जाणवणार नाही. त्यासाठी शिक्षणाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेत सर्व विषयांचे उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग शैक्षणिकदृष्ट्या मोलाचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मराठी घरातल्या मुलाला पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथे आपल्या भाषेला रजा द्यावी लागे. ज्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव या विद्यापीठाला दिले आहे, ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी होण्यापूर्वी हिप्परगा व अंबाजोगाई येथील राष्ट्रीय शाळांतले शिक्षक होते. शाळा चालविणे हाच त्या राज्यात राजकारणाचा आरंभ होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि दोनच वर्षांनी, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास मात्र २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस उजाडावा लागला. ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात निघाले. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. याचा अर्थ असा की, आज साठी-सत्तरीत असलेले बहुतेक लेखक हे त्यांच्या घराण्यातले महाविद्यालयाची पायरी चढलेले पहिलेच गृहस्थ आहेत.

नांदेडच्या विद्यापीठाच्या जन्मामागे आणखी एक वेदना आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर जे अत्याचार झाले त्यांत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. पुढे १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाचे औचित्य साधून, नांदेडचे विद्यापीठ वेगळे निघाले. विद्यापीठाच्या नावासाठी माणसे मरण पावली, अशी उदाहरणे जगात फार नाहीत. त्या विद्यापीठांतून शिकलेली मुले पुढे काय लिहितात, ही बाब म्हणूनच केवळ वाङ्मयीन कुतूहलाची उरत नाही.

प्राध्यापकाने वर्गापलीकडे लिहिले पाहिजे, ही परंपरा नांदेडला नरहर कुरुंदकरांनी घालून दिली. इंटरच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण होणारा, नांदेडच्या शाळेत शिक्षक असलेला हा माणूस पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’, ‘मागोवा’, ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ हे त्यांचे ग्रंथ दहा वर्षांच्या आत एकामागून एक आले. १९८२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या पन्नाशीआधीच, ते गेले. कुरुंदकर नांदेडला राहून लिहीत होते. मात्र त्यांची पुस्तके पुण्याच्या प्रकाशकांनी काढली. लातूरला डॉ. जनार्दन वाघमारे यांनी इंग्रजीचे अध्यापन करता करता अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा आणि संस्कृतीचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. दलित साहित्याची चर्चा ऐन भरात असताना त्या परिचयाचा उपयोग झाला. हेच वाघमारे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. नांदेडच्याच दत्ता भगत यांनी ‘वाटा-पळवाटा’सारखे नाटक लिहून आंबेडकरी चळवळीतील पिढ्यांचा वाद रंगभूमीवर मांडला. ही माणसे शिकविणारीही होती आणि लिहिणारीही; त्यांच्या वर्गात बसलेल्यांना लिहिणे ही परक्या गावची गोष्ट वाटली नाही.

पुस्तके एकत्र ठेवली तर त्यांतून काय दिसू शकते, याचे एकच उदाहरण पुरे होईल. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे फेब्रुवारी २०२५ मध्ये निवर्तले. त्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ सालची. खेड्यातल्या एका शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्या शिंप्याच्या पत्नीच्या तोंडून तीत सांगितली आहे. अर्धशतकानंतर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात देविदास सौदागर ‘उसवण’ लिहितात, तीही शिंप्याचीच कादंबरी. सौदागर स्वतः शिवणयंत्रावर बसलेले. पहिल्या कादंबरीतील शिंपी गावगाड्यातल्या ताणांनी मोडतो. दुसऱ्यातल्या शिंप्यासमोर तयार कपड्यांचा बाजार उभा आहे. एका व्यवसायाचा पन्नास वर्षांतला ऱ्हास या दोन पुस्तकांच्या मध्ये पसरलेला आहे. अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापरता चांगला प्रबंधविषय कोणता मिळणार? पण हा विषय सुचण्यासाठी ही दोन्ही पुस्तके एकाच फळीवर दिसली पाहिजेत. मराठी विभागात त्यांतले एक ‘ग्रामीण कादंबरी’ म्हणून अभ्यासक्रमात असते, दुसरे पुरस्काराच्या बातमीत असते, आणि अर्थशास्त्राच्या विभागात दोन्ही नसतात.

आता दुसरी बाजू. माजी विद्यार्थ्यांची म्हणून जी पुस्तके निघतात त्यांतली पुष्कळशी निघाली नसती तरी चालले असते, हे म्हणण्याचा कटुपणा पत्करलाच पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुकीसाठी व पदोन्नतीसाठी गुणांकांची पद्धत आणली. पुस्तकाला इतके गुण, पुस्तकातील प्रकरणाला इतके, चर्चासत्रातील निबंधाला इतके. परिणाम व्हायचा तोच झाला. पीएच. डी.चा प्रबंध कसलाही संस्कार न करता, ‘प्रकरण पहिले : संशोधनाची उद्दिष्टे’ या मथळ्यासकट, छापून निघू लागला. आयएसबीएन क्रमांक हा ग्रंथाच्या गुणवत्तेचा दाखला आहे, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः तो क्रमांक ग्रंथव्यवहाराच्या सोयीसाठी आहे. मोटारीच्या पाटीवरील क्रमांकाने मोटार चांगली की वाईट हे कळत नाही. नियतकालिकांचीही तीच गत झाली, तेव्हा आयोगाने २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी करण्याचे ठरविले, आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद केली. या सगळ्या धावपळीत मराठी माध्यमातून शिकून तालुक्याच्या गावी शिकविणारा अध्यापक विनाकारण भरडला गेला. त्याच्याकडून जी चार चांगली पाने लिहून झाली असती, ती गुणांच्या घाईत राहून गेली.

परंतु गुणांची गरज नसलेला जो माणूस लिहितो, त्याचे काय? प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला पुस्तक लिहून वेतनवाढ मिळत नाही. देगलूर-बिलोलीकडच्या मराठीत तेलुगू कशी मिसळली आहे, उदगीर-निलंग्याकडे कन्नड कशी येते, जमीन-महसुलाचे फारसी-उर्दू शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून कसे आहेत, याची टिपणे तो केवळ आवडीने ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली आणि नऊ हजारांहून अधिक माणसे दगावली. पुनर्वसनात गावे नव्या जागी, नव्या आखणीत वसली. जुन्या गावातील आळी, आड, पार, वाडे यांची आठवण असलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी जो पदवीधर लिहून काढील, त्याचे पुस्तक शैलीच्या दृष्टीने सामान्य असले तरी त्याला पर्याय नाही. मुक्तिसंग्रामातील गावोगावच्या सत्याग्रहींबाबतही हेच म्हणावे लागेल. लातूरच्या सूतगिरणीत काम केलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ १९८७ साली लिहिले, आणि पुढच्याच वर्षी अकादमीने त्याचा सन्मान केला. ते पुस्तक पदवीच्या बळावर लिहिलेले नव्हते. तसे पुस्तक लिहू शकेल अशा समाजांतील मुले त्यानंतर महाविद्यालयांत आली आणि पदवी घेऊन बाहेर पडली. त्यांनी काय लिहिले, हे तरी विद्यापीठाला ठाऊक असले पाहिजे.

अशी पुस्तके किती लवकर नाहीशी होतात याची कल्पना ग्रंथपालांना असते. लेखकाने स्वतःचे पैसे घालून काही शे प्रती छापलेल्या असतात. त्यांतल्या बऱ्याच प्रकाशन समारंभात भेट म्हणून जातात. उरलेल्या घरातल्या माळ्यावर. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील तीन ग्रंथालयांकडे प्रत स्वखर्चाने पाठविली पाहिजे. न पाठविल्यास दंड किती? पन्नास रुपयांपर्यंत, आणि पुस्तकाची किंमत. टपालखर्च त्याहून अधिक येतो! दुसरी सोय १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याची होती. त्यानुसार मुद्रकाने सरकारकडे प्रत द्यावयाची, आणि सरकारने दर तिमाहीस पुस्तकांची सूची राजपत्रात प्रसिद्ध करावयाची. इंग्रजांनी हा कायदा देशी लेखनावर नजर ठेवण्यासाठी केला होता, यात शंका नाही. पण त्या नजरेमुळे एकोणिसाव्या शतकातील किरकोळ पुस्तकांचीही नोंद राहिली. २०२३ साली त्याच्या जागी नियतकालिकांपुरता नवा कायदा झाला, तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला, आणि त्यातून पुस्तके वगळली गेली. स्वातंत्र्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. नोंदीच्या दृष्टीने एक दार बंद झाले, त्याची फारशी चर्चा झाली नाही.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी ग्रंथांची सूची जवळजवळ एकहाती सिद्ध केली, आणि पुढील काळाचे काम शरद केशव साठे यांनी चालविले. एका माणसाने आयुष्य वेचावे आणि साऱ्या भाषेने त्यावर विसंबावे, हा आपला रिवाज. चार जिल्ह्यांच्या पदवीधरांच्या ग्रंथांची सूची करण्यासाठी मात्र दात्यांसारख्या तपस्व्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तेथे विद्यापीठ आहे, ग्रंथालय आहे, संलग्न महाविद्यालयांत ग्रंथपाल आहेत.

लातूरची गोष्ट या संदर्भात विशेष बोलकी आहे. ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले ते बारावीच्या गुणवत्तायादीमुळे, आणि पुढे वैद्यकीय प्रवेशांमुळे. निकाल लागला की शहरातील चौक विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांनी भरून जातात. त्या मुलांनी कष्ट केलेले असतात. त्यांचे कौतुक व्हावे. मात्र हे कौतुक सतराव्या-अठराव्या वर्षाचे आहे. तो विद्यार्थी पुढे कोठे गेला, त्याने कोणत्या रोगावर काम केले, आपल्या तालुक्यात परतला की नाही, याचा फलक कोणी लावीत नाही. ज्या शहराने गुण मोजण्यात इतके नैपुण्य मिळविले, त्याच शहराला आपल्या माणसांची पुढच्या तीस वर्षांची कामगिरी मोजण्याची निकड वाटू नये, हे विचित्र आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातील उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. स्थानिक लेखकांची पुस्तके एकाच ठिकाणी पाहण्याचा जिल्ह्याला तो दुर्मिळ योग होता. तो तीन दिवसांचा होता.

असे काही केले तर सुमार पुस्तकांचाच ढीग होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो गैरलागू आहे. सूची म्हणजे शिफारस नव्हे. जन्ममृत्यूच्या नोंदवहीत कोणाची योग्यता पाहून नाव घालीत नाहीत. चांगले-वाईट ठरविण्याचे काम समीक्षकांनी व वाचकांनी करावे, आणि त्यासाठी आधी पुस्तक हाती आले पाहिजे. पीएच. डी.च्या प्रबंधांबाबत हे तत्त्व स्वीकारले गेलेच आहे. आयोगाच्या नियमांनुसार प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी लागते आणि ती ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचता येते. तेथे उत्तम प्रबंधही आहेत आणि हसू यावे असेही आहेत. त्याने ‘शोधगंगे’चे काही बिघडलेले नाही. प्रबंध लिहिणाऱ्याचे लेखन जपावयाचे, आणि तोच मनुष्य दहा वर्षांनी अधिक समजुतीने जे पुस्तक लिहितो ते मात्र रद्दीच्या भरवशावर सोडावयाचे, यात तर्कसंगती कोणती?

खर्चही फार नाही. विष्णुपुरीच्या ग्रंथालयात एक दालन, लातूरच्या उपकेंद्रात दुसरे. माजी विद्यार्थ्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती विकत घेण्यापुरती तरतूद. वर्षाकाठी एक छापील सूची. आणि ती चारही जिल्ह्यांतील ग्रंथालयांकडे पाठविण्याचा टपालखर्च. दीक्षान्त समारंभाच्या मंडपाला याहून अधिक लागतात. भेट म्हणून प्रती मागू नयेत, विकत घ्याव्यात. कारण ज्याने कर्ज काढून पुस्तक छापले त्याच्याकडे फुकट प्रत मागणे हा गौरव नव्हे. पदवीधरांच्या नावावर निवडून आलेल्या दहा अधिसभा सदस्यांपैकी कोणी अर्थसंकल्पाच्या बैठकीत या तरतुदीविषयी प्रश्न लेखी विचारला, तर प्रशासनाला लेखी उत्तर द्यावे लागेल. आणि उत्तर तयार करण्यासाठी तरी ग्रंथालयात जाऊन, आपल्या पदवीधरांची किती पुस्तके तेथे आहेत, ते कोणाला तरी मोजावे लागेल.